पॅलेट एनईएसचीच, तरी मशीनवर रंग का फुटतात? (खऱ्या कन्सोलसाठी पिक्सेल आर्ट)

कोयरी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

गेले चार महिने मी एका छोट्या खेळासाठी चित्रं काढते आहे. कोड मित्र लिहितो, चित्रं माझ्याकडे. एकच अट आम्ही स्वतःला घातली आहे: खेळ खऱ्या एनईएसवर, म्हणजे निन्टेंडोच्या १९८३ च्या त्या फामिकॉमच्या जातीच्या गेम कन्सोलवर चालला पाहिजे. नुसता तसा दिसून उपयोग नाही.

मी ॲसेप्राइट या पिक्सेल चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये २५६ बाय २४० चा कॅनव्हास घेतला, एनईएसची पॅलेट लोड केली आणि तिच्याबाहेरचा एकही रंग घेतला नाही. किल्ल्याचं अंगण, मागे डोंगर, मावळतीचं आकाश, भिंतीवर मशाली. पार्श्वभूमीत एकूण १४ रंग. नायिका २४ बाय ३२ ची, तिच्यात ६ रंग. चित्र मला मनापासून आवडलं होतं.

मित्राने ते रूपांतर करून एम्युलेटरवर (संगणकावर जुनं मशीन चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर) लावलं आणि मला रडूच आलं. झाडांच्या कडांवर आकाशाचा केशरी, मशालींभोवती चौकोनी डाग, डोंगरांच्या जागी भलतेच तुकडे. तो म्हणाला, तुझ्या चित्रात ६१० वेगवेगळ्या टाइल निघाल्या आणि जागा २५६ चीच आहे.

पॅलेट तीच असताना रंग का फुटले? सुरुवात नेमकी कुठून करायला हवी होती? आणि नायिकेचा चेहरा काहीही करून वाचवायचा आहे, त्यात मी फार जीव ओतला आहे.

---

तिठा

कोयरी, तुमची चूक रंग निवडण्यात झालेली नाही, रंग वाटण्यात झाली आहे. बहुतेक सगळ्यांची पहिली ठेच इथेच लागते. पॅलेट फाइल कोणते रंग अस्तित्वात आहेत एवढंच सांगते. कुठला रंग कुणाच्या शेजारी बसू शकतो हे ती सांगत नाही, आणि या मशीनवर सगळा खेळ शेजाराचाच आहे.

पार्श्वभूमी ८ बाय ८ च्या टाइलची बनते. टाइलमधल्या प्रत्येक पिक्सेलला २ बिट मिळतात, म्हणजे ० ते ३ यांपैकी एक आकडा. टाइलला स्वतःचा रंग नसतो, फक्त हे आकडे असतात. आकड्यांना रंग देणाऱ्या छोट्या पॅलेट पार्श्वभूमीसाठी चार. प्रत्येकीत ३ रंग तिचे स्वतःचे आणि शून्य क्रमांकाचा रंग चौघींत सामाईक. चार त्रिक बारा आणि एक, झाले १३. तुमचे १४ इथेच एकाने जास्त होतात.

खरी गोम याच्या पुढे आहे. कुठे कोणती पॅलेट लावायची हे प्रत्येक टाइलला वेगळं ठरवता येत नाही, १६ बाय १६ च्या चौकोनाला ठरवावं लागतं. दोन टाइल रुंद, दोन टाइल उंच. पडद्यावरच्या टाइलची यादी ९६० बाइटची आणि तिच्या मागे पॅलेट वाटून देणारा तक्ता अवघा ६४ बाइटचा. प्रत्येक बाइट ३२ बाय ३२ चा भाग सांभाळतो आणि त्याच्या चार कोपऱ्यांना दोन-दोन बिट देतो. म्हणून तुमच्या झाडाची फांदी आकाशाच्या चौकोनात दोन पिक्सेल जरी घुसली, तरी तिथे फांदीला आकाशाचे रंग लागतात. मशालींचे डागही त्याच कारणाने.

तेव्हा आधी कॅनव्हासवर १६ ची जाळी चालू करा. मग चार पॅलेटना नावं द्या: दगड, झाडी, आकाश, आग. प्रत्येक चौकोनावर बोट ठेवून ‘हा कुणाचा?’ विचारायचं. जिथे दोन उत्तरं येतील तिथे चित्र बदलायचं, किंवा दोघींत एक रंग समान ठेवून सांधा त्या रंगात लपवायचा. जुन्या खेळांमध्ये काळ्याचं इतकं राज्य का असतं, त्याचं मोठं कारण हेच. सामाईक रंग काळा ठेवला की तो प्रत्येक पॅलेटमध्ये आपोआप हजर असतो आणि वस्तूंच्या कडा त्यात विरघळतात.

आणखी एक. एनईएसच्या रंगतक्त्यात ६४ घरं असली तरी उपयोगाचे वेगळे रंग साधारण ५४ निघतात. चार ओळी उजेडाच्या, बारा स्तंभ रंगांचे, बाकीचे करडे आणि काळे. गडद पिवळा मागायला गेलात तर शेवाळी-तपकिरी हाती येतो. सावली करताना त्याच स्तंभात खाली न उतरता शेजारच्या स्तंभात सरका, केशरीची सावली लालसर घ्या. तीन रंगांत खोली हवी असेल तर हे करावंच लागतं.

---

गवाक्ष

६१० टाइलबद्दल लिहितो.

एका टाइलला १६ बाइट लागतात. २५६ टाइलचा संच ४ केबीचा, आणि पीपीयूला, म्हणजे चित्र काढणाऱ्या चिपला, एका वेळी असे दोन संच दिसतात. सहसा एक पार्श्वभूमीला, एक स्प्राइटना, म्हणजे तिच्यावर हलणाऱ्या चित्रांना. पडद्यावर जागा ९६० आहेत आणि शिक्के २५६. म्हणजे चित्र काढण्याआधी शिक्के काढायचे. कारागीर ठशांनी कापड छापतो तसं: ठसे मोजके, नक्षी भरपूर.

तुम्ही आधी पूर्ण दृश्य काढलं आणि मग त्याचे तुकडे केले. त्यामुळे डोंगराची प्रत्येक उतरण वेगळी आणि प्रत्येक दगडाला वेगळी भेग. हे उलटं करून पाहा. डोंगराच्या कडेसाठी चार उतार ठरवा, दगडासाठी सहा टाइल, पानांसाठी आठ. त्यांच्यापासून १६ बाय १६ चे ठोकळे बांधा आणि दृश्य त्या ठोकळ्यांनी रचा. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ (१९८५) मधला ढग आणि झुडूप नीट पाहा, आकार एकच आहे. पॅलेट बदलली की पांढऱ्याचा हिरवा झाला. तो अख्खा खेळ ४० केबीचा: ३२ कोड-माहितीचे, ८ चित्रांचे.

नवीन माणसाला न सुचणारी गोष्ट म्हणजे एनईएसवर पार्श्वभूमीची टाइल उलटवता येत नाही. स्प्राइट आडवं-उभं उलटवता येतं, पार्श्वभूमीचं नाही. डावा उतार काढला म्हणून उजवा फुकट मिळणार नाही, त्याची टाइल वेगळी मोजा. मेगा ड्राइव्ह आणि सुपर एनईएस या नंतरच्या कन्सोलवर ही सोय आहे, म्हणून तिथल्या शिकवण्या वाचून इथे गणित चुकतं.

कार्ट्रिजमध्ये मॅपर नावाची जादा चिप घेतली तर टाइलचे संच खेळ चालू असताना बदलता येतात. एमएमसी५ या मॅपरवर तर पॅलेट ८ बाय ८ ला लावता येते. पण पहिल्या खेळात मी तिकडे जाणार नाही. आधी साध्या बोर्डवर बसवून दाखवा, हात तयार होतो तो तिथेच. ‘मायक्रो मेजेस’ हा २०१९ चा खेळ मुद्दाम ४० केबीत बसवलेला आहे, आणि त्याच्या कर्त्यांनी तो कसा बसवला हे स्वतः व्हिडिओ करून सांगितलं आहे. त्यांनी मोठे पडदे मधोमध आरशासारखे रचले, म्हणजे अर्धाच नकाशा साठवायचा. असलं काही पाहिलं की मला खरोखर आनंद होतो.

---

मोरपंखी

वरचं सगळं बरोबर आहे, पण धागा वाचणाऱ्या इतरांसाठी थोडी वेगळी बाजू मांडते.

ज्यांचा खेळ आजच्या संगणकावरच चालणार आहे त्यांनी ६४ बाइटच्या तक्त्यापायी रात्री जागवू नयेत. ‘शॉव्हल नाइट’ (२०१४) ४०० बाय २४० च्या रुंद पडद्यावर आहे, त्यात मूळ पॅलेटबाहेरचे काही रंग आहेत आणि स्प्राइट लुकलुकत नाहीत. नियम कुठे मोडले आणि का, हे कर्त्यांनी उघडपणे लिहिलं आहे. नियम माहीत असून निवडून मोडणं मला पूर्ण मान्य आहे.

पण मूळ मशीनला जे शक्यच नव्हतं आणि जे डोळ्याला लगेच खटकतं, ते संगणकावरही टाळा. एकाच पडद्यावर लहान-मोठे पिक्सेल, १७ अंशांत फिरवलेली तलवार, अर्ध्या पिक्सेलवर सरकणारा ढग. अपवाद सुपर एनईएसच्या मोड ७ चा. तिथे पार्श्वभूमी खरोखर फिरते, मोठी होते आणि तिचे पिक्सेल ठोकळ्यांसारखे दिसतात. पण त्याच वेळी स्प्राइट आपल्या मापाचेच राहतात. हा भेद पाळला तर मोड ७ ची नक्कल पटते.

आणि चित्र मोठं करताना पूर्ण पटीत करा. २४० च्या चौपट ९६०, त्यामुळे १०८० च्या पडद्यावर वर-खाली ६० ओळी काळ्या सोडाव्या लागतात. सोडा. साडेचार पट ताणून काही पिक्सेल जाड आणि काही बारीक करण्यापेक्षा ती काळी पट्टी शतपटीने बरी.

---

कोयरी

तिठा, गवाक्ष, मोरपंखी, मनापासून आभार. १६ ची जाळी लावून जुनं चित्र पाहिलं आणि सगळं लख्ख कळलं. एका मशालीच्या चौकोनात तीन पॅलेट भांडत होत्या. पार्श्वभूमी नव्याने करते आहे.

नायिकेचं काय करू? ६ रंग: केस, त्वचा, डोळ्याचा पांढरा, लाल झगा, त्याची सावली, सोनेरी पट्टा. तीन रंगांत केली तर डोळेच जातात.

---

तिठा

चेहरा वाचेल. स्प्राइटनाही चार पॅलेट असतात, प्रत्येकी ३ रंग आणि शून्य म्हणजे पारदर्शक. इथे मात्र सोय मोठी आहे: प्रत्येक स्प्राइट आपली पॅलेट स्वतः निवडतं. तुमची नायिका ३२ उंच. ८ बाय १६ च्या स्प्राइटांत ती बरोबर दोन मजल्यांची होते. वरच्या मजल्यावर डोकं, खालच्यावर धड. डोक्याला काळसर, त्वचा, पांढरा. धडाला काळसर, लाल, सोनेरी. काळसर दोघांत समान, त्यामुळे मानेजवळ सांधा दिसणार नाही. केस आणि बाह्यरेषा एकाच काळसर रंगात घ्या, झग्याची सावलीही त्यातच.

हात अडतील, कारण धडाच्या पॅलेटमध्ये त्वचा नाही. तिला सोनेरी हातमोजे घाला. ही तडजोड वाटून घेऊ नका, अशाच अडचणींतून पात्रं घडली आहेत. १९८१ च्या ‘डाँकी काँग’मध्ये मारिओला टोपी मिळाली कारण एवढ्याशा जागेत केस नीट काढता येत नव्हते, आणि मिशी आली कारण तिच्यामुळे नाक उठून दिसलं.

दुसरी वाट स्प्राइटवर स्प्राइट चढवण्याची. ‘मेगा मॅन’चं अंग काळ्या आणि दोन निळ्यांत आहे आणि चेहरा वेगळ्या स्प्राइटचा, वेगळ्या पॅलेटचा. सुंदर दिसतं, पण त्याची किंमत आहे. पडद्यावर एकूण ६४ स्प्राइट आणि कुठल्याही एका आडव्या ओळीत फक्त ८. नववं त्या ओळीत काढलंच जात नाही. म्हणून खेळ दर फ्रेमला क्रम फिरवत राहतात, म्हणजे कुणी एक कायमचं गायब होण्याऐवजी सगळे थोडे लुकलुकतात.

आता तुमचा हिशोब. २४ रुंद म्हणजे ओळीत ३ स्प्राइट. तेवढ्याच रुंदीचे दोन शत्रू समोर आले की ९. म्हणजे साध्या मारामारीतच लुकलुक सुरू. नायिका आणि शत्रू १६ रुंद करा: २, २ आणि २, झाले ६. दोन बाणांना जागा उरते.

---

गवाक्ष

टाइलचाही फायदा होतो. २४ बाय ३२ ची एक मुद्रा म्हणजे १२ टाइल. चालण्याच्या ६ मुद्रांना ७२, म्हणजे स्प्राइटांच्या संचाचा चौथा हिस्सा एकटीच्या चालण्यात गेला. १६ बाय ३२ केलं की मुद्रेला ८. त्यात डोकं सगळ्या मुद्रांना तेच ठेवा: डोक्याच्या ४, धडाच्या ४ गुणिले ६, एकूण २८. पाऊल टेकताना डोक्याचे स्प्राइट एक पिक्सेल खाली सरकवा. एकही नवी टाइल न काढता चालीत वजन येतं.

मशालींसाठी ज्योतीच्या चार मुद्रा काढू नका. आगीच्या पॅलेटमधले रंग काही फ्रेमनी आपसात फिरवा. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मधली नाणी आणि प्रश्नचिन्हाचे ठोकळे असेच चमकतात.

---

शून्यएक

चर्चा छान चालली आहे. पण ही चित्रं दिसायची कशावर, हे कुणीच बोललं नाही. जुन्या काचेच्या टीव्हीवर. एनईएसचा पिक्सेल चौकोनी नाही, ८:७ प्रमाणात आडवा पसरलेला आहे. संगणकावर ६४ बाय ६४ चं गोल चाक काढलंत तर टीव्हीवर ते अंडाकृती दिसेल. रुंदी ५६ ठेवा आणि उंची ६४, मग गोल दिसेल. नायिका १६ रुंद करताना ही गोष्ट लक्षात घ्या, ती कागदावरच्यापेक्षा थोडी भरलेली दिसणार आहे.

वरच्या आणि खालच्या ८-८ ओळी कित्येक टीव्ही दाखवतच नाहीत, तिथे गुणसंख्या ठेवू नका.

रंगांचं म्हणाल तर या मशीनच्या आत आरजीबी, म्हणजे लाल-हिरवा-निळा यांचे वेगळे आकडे, नाहीतच. चिप थेट टीव्हीचा संदेश तयार करते आणि रंग ठरतो टीव्हीत. म्हणून बाजारात दिसणाऱ्या पॅलेट फाइल एकमेकींशी जुळत नाहीत, प्रत्येक फाइल म्हणजे कुणीतरी लावलेला एक अर्थ. चित्र दोन-तीन पॅलेटवर पाहा. एखादा निळा एका फाइलमध्ये जांभळा होऊन तुमचं आकाश कोलमडत असेल, तर दोष पॅलेटचा नाही, तुमच्या निवडीत पुरेसं अंतर नाही. तक्त्यातला ०डी क्रमांकाचा काळा तर घेऊच नका. तो काळ्याहूनही खालचा संदेश देतो आणि काही टीव्हींचं चित्रच बिघडतं. काळ्यासाठी ०एफ.

मेसेन या एम्युलेटरमध्ये जुन्या टीव्हीसारखं चित्र दाखवणारा एनटीएससी फिल्टर आहे, टाइल आणि पॅलेट दाखवणाऱ्या खिडक्याही आहेत. रोजचं काम तिथे तपासा. आणि महिन्यातून एकदा तरी फ्लॅश कार्ट्रिजवर (आपला खेळ भरता येतो अशा कार्ट्रिजवर) घालून खऱ्या मशीनवर लावा.

---

मोरपंखी

शून्यएक, टीव्हीच्या मुद्द्याला जोड. मेगा ड्राइव्हवर ५१२ रंगांतून निवड, पॅलेट चार, प्रत्येकीत १६ घरं. ‘सॉनिक द हेजहॉग’ (१९९१) मधला धबधबा एकाआड एक उभ्या रेघांचा आहे. साध्या कंपोझिट केबलवर त्या रेघा एकमेकींत मिसळून पाणी पारदर्शक भासतं. तोच खेळ आरजीबी केबलवर लावा, नुसते गज दिसतात. त्यामुळे ठिपक्यांची जाळी भरताना आपण कुठल्या पडद्यासाठी काढतोय हे ठरवलेलं हवं. सुपर एनईएसवर रंग मिसळण्याची सोय चिपमध्येच आहे, तिथे पाण्यासाठी ही युक्ती वापरायची गरज पडत नाही.

---

रानजाई

मी गेम बॉयसाठी काढते, एनईएसचा अनुभव नाही, पण थोडं लिहिते. आमच्याकडे वाटणीचं भांडणच नाही. पार्श्वभूमीला पॅलेट एकच, छटा चार. पडदा १६० बाय १४४, म्हणजे २० बाय १८ टाइल, एकूण ३६० जागा. जीबी स्टुडिओ या गेम बॉयचे खेळ बनवायच्या साधनात पार्श्वभूमीला वेगळ्या टाइल १९२ मिळतात, म्हणजे निम्म्याहून थोड्या जास्त. जुन्या चित्रांशी तुलना करताना मला ही ऐसपैस मर्यादा वाटते.

त्रास वेगळाच आहे. १९८९ च्या मूळ यंत्राचा पडदा सावकाश बदलतो. पडदा सरकत असताना मागची बारीक नक्षी धूसर होते आणि जाळीदार छटा नुसत्या थरथरतात. मी पहिल्यांदा गवतात सुंदर जाळी भरली होती, यंत्रावर लावली तर चालताना सगळं राखाडी पाणी. तेव्हापासून जमीन जवळजवळ रिकामी ठेवते, पात्राला जाड गडद कड देते आणि मधल्या दोन छटा शेजारी-शेजारी वापरत नाही. स्प्राइटला तीनच छटा मिळतात, चौथी पारदर्शक. मी सर्वांत फिकी, मधली एक आणि सर्वांत गडद घेते. दुसरी मधली छटा जमिनीला देऊन टाकते, म्हणजे पात्र जमिनीत कधी हरवत नाही.

एनईएसवरही जमीन आणि पात्रं यांत असं अंतर ठेवता का कुणी?

---

तिठा

रानजाई, हो, आणि तुम्ही फार नेमकं लिहिलं आहे. आम्ही पार्श्वभूमीत तक्त्याच्या खालच्या दोन, गडद ओळी जास्त वापरतो आणि उजळ रंग पात्रांसाठी राखतो. कोयरी, तुमच्या आकाशाला हे लागू होतं. मावळतीचा केशरी नायिकेच्या चेहऱ्यामागे आला तर चेहरा बुडेल.

---

कोयरी

तीन आठवड्यांनी परत येते आहे.

नवी पार्श्वभूमी २३१ टाइलमध्ये बसली. आधी आलेखाच्या कागदावर ठोकळे काढले, मग ॲसेप्राइट उघडलं. आकाश आता जांभळा, गडद लाल आणि अगदी खालच्या पट्टीत केशरी. तीनच रंग, आणि खरं सांगते, पहिल्यापेक्षा जास्त संध्याकाळ वाटतं. झाडांमध्ये गडद हिरवा आणि काळाच उरला, त्यांच्या कडा सामाईक काळ्यात जातात. नायिका १६ रुंद, डोकं वेगळं, हातमोजे सोनेरी. डोळे शाबूत आहेत! चाकही ५६ बाय ६४ केलं. मित्राच्या टीव्हीवर पाहिलं तेव्हा ते गोल दिसलं आणि मी ओरडलेच.

एकच डाग राहिला आहे. डावीकडून दुसऱ्या मशालीच्या खालच्या अर्ध्यात दगडाचे रंग येतात. बाकी तीन मशाली ठीक आहेत. पॅलेट त्याच, टाइलही त्याच. दोन दिवस त्याच्यावर घालवले.

---

गवाक्ष

त्या मशालीचा वरचा कोपरा वरून कितव्या पिक्सेलवर आहे?

---

कोयरी

१०४.

---

गवाक्ष

१०४ ला १६ ने पूर्ण भाग जात नाही. मशाल चौकोनाच्या मधोमध सुरू होते, खालची टाइल पुढच्या चौकोनात पडते आणि तो चौकोन दगडाचा आहे. ९६ किंवा ११२ वर न्या.

---

कोयरी

९६ वर नेली. भिंतीची एक ओळ जागा बदलावी लागली, त्यात एक टाइल वाचली. २३०. डाग गेला.